चूक, बेपर्वाई आणि पलायन

शरयूच्या तीरावर अंधारात घडा बुडवल्याचा आवाज झाला. हत्ती पाणी पितो आहे असे समजून तरुण दशरथाने शब्दवेधी बाण सोडला आणि आंधळ्या मातापित्यांचा एकुलता एक आधार कोसळला. श्रावणबाळाची ही कथा मराठी घराघरांत सांगितली जाते, पण तिचा उत्तरार्ध बहुधा विसरला जातो. दशरथ पळाला नाही. तोच घडा भरून घेऊन तो त्या वृद्धांकडे गेला आणि आपल्या हातून काय घडले ते त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितले. वाल्मीकींच्या रामायणात तो शोकाकुल पिता राजाला दोन गोष्टी ऐकवतो. हे कृत्य तू नकळत केलेस आणि ते स्वतः येऊन सांगितलेस, म्हणूनच तू जिवंत आहेस. पुत्रवियोगाचा शाप मात्र टळला नाही.

या एका प्रसंगात दंडनीतीचा एक अवघड प्रश्न साठवलेला आहे. ज्याच्या मनात अपाय करण्याचा हेतू नव्हता, पण ज्याच्या हातून माणूस मेला, त्याला गुन्हेगार म्हणावे काय? दशरथाला कोणाला मारायचे नव्हते. परंतु जिथे माणसेही पाणी भरायला येतात अशा ठिकाणी, न पाहता, केवळ आवाजावर बाण सोडणे ही निव्वळ दुर्दैवाची गोष्ट होती असेही म्हणता येत नाही.

आपल्याकडील कायद्याने या प्रश्नाचे उत्तर टप्प्याटप्प्याने शोधले. कायदेशीर काम योग्य ती काळजी घेऊन करीत असताना अपघाताने कोणाला इजा झाली तर तो गुन्हा नव्हे, हे तत्त्व १८६० च्या दंडसंहितेत होते आणि आजच्या भारतीय न्याय संहितेतही आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याबद्दलचे ३०४-अ हे कलम १८७० साली घालण्यात आले. त्याची कमाल शिक्षा होती दोन वर्षांची कैद. दीडशे वर्षे हा आकडा हलला नाही. बैलगाडीच्या काळातले माप आगगाडीला, मोटारीला आणि रासायनिक कारखान्यालाही लावले गेले.

त्याचे सर्वांत विदारक फळ म्हणजे भोपाळ. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला आणि हजारो माणसे प्राणास मुकली. सदोष मनुष्यवधाचा आरोप १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. उरले ते ३०४-अ. जून २०१० मध्ये, घटनेला २५ वर्षे उलटून गेल्यावर, कंपनीच्या भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना जामीनही मिळाला. एका पादचाऱ्याला धडक देणारा चालक आणि एका शहरावर विष सोडणारा कारखाना यांना एकाच तराजूत तोलणाऱ्या कायद्याला न्याय म्हणावे तरी कसे?

या अनुभवातून संतापलेला समाज साहजिकच म्हणतो की शिक्षा वाढवा. पण येथेच थबकण्याची गरज आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्या वैद्याचा निर्णय चुकला, हा गुन्हा मानायचा काय? तसे मानले तर अत्यवस्थ रुग्णाला हात लावण्यास कोणता डॉक्टर धजेल? २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाचा मुळापासून विचार केला. साधी चूक किंवा निर्णयातील त्रुटी म्हणजे गुन्हा नव्हे. फौजदारी दोष लावायचा तर निष्काळजीपणा अत्यंत ठळक, उघडउघड असला पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. दुसऱ्या जाणकार डॉक्टरचे मत घेतल्याशिवाय कारवाई करू नये आणि केवळ आरोप झाला म्हणून सरसकट अटक करू नये, असेही बजावले. नुकसानभरपाईचा दावा वेगळा आणि तुरुंगवास वेगळा, हा विवेक त्यामागे आहे.

दुसरे टोकही पाहिले पाहिजे. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर मोटार चढली आणि सात जण मृत्युमुखी पडले. सत्र न्यायालयाने ३०४-अ खाली सहा महिन्यांची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने मात्र सदोष मनुष्यवध धरून ती तीन वर्षांवर नेली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मद्य घेऊन भरधाव गाडी हाकणाऱ्याला परिणामांची जाणीव नव्हती असे म्हणता येत नाही, हा त्यातला गाभा. धोका ठाऊक असून तो दुसऱ्याच्या जिवावर पत्करणे ही चूक नव्हे, ती बेपर्वाई होय. दंडाचा खरा अधिकार तिच्यावर चालतो.

कौटिल्याला हा भेद ठाऊक होता. बैलाची वेसण तुटली, जू मोडले, जनावरांची व माणसांची दाटी झाली आणि त्यात कोणाला इजा झाली, तर गाडी हाकणाऱ्याला दंड नाही, असे अर्थशास्त्र सांगते. हाकणारा अल्पवयीन असेल तर मात्र गाडीत बसलेल्या मालकाने दंड भरावा, हेही त्याच ठिकाणी आहे. पुण्याच्या कल्याणीनगरात १९ मे २०२४ रोजी एका अल्पवयीन मुलाच्या आलिशान मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा बळी गेला आणि पहिल्या फेरीत त्या मुलाला तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह जामीन मिळाला, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला. मुलाच्या हाती चावी देणाऱ्या पालकाला जबाबदार धरणारी तरतूद २०१९ पासून मोटार वाहन कायद्यात आहे. ती अमलात आणण्यापूर्वी एखाद्याचा जीवच जावा लागतो काय?

नव्या न्याय संहितेने निष्काळजीपणाने होणाऱ्या मृत्यूची कमाल शिक्षा पाच वर्षांवर नेली आणि नोंदणीकृत डॉक्टरांसाठी ती दोन वर्षेच ठेवली. धडक देऊन, पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंतची शिक्षा सांगितली. जानेवारी २०२४ च्या प्रारंभी मालमोटारचालकांनी चाके थांबवली, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि चर्चेनंतरच अंमलबजावणी करण्याचे आश्वासन सरकारने दिले. १ जुलै २०२४ पासून संहिता लागू करताना हे पोटकलम तेवढे वगळण्यात आले.

चालकांचा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. थांबलो तर जमाव जिवंत सोडणार नाही, ही भीती खरी आहे. चूक कोणाची हे न पाहता मोठ्या वाहनाच्या चालकाला बडवणारा समाज आपणच आहोत. पण नवे कलम घटनास्थळीच थांबा असे म्हणत नाही; कळवा, एवढेच म्हणते. जमावाच्या क्षोभाचा अपवाद मोटार वाहन कायद्यानेही मान्य केलेला आहे. जखमीला रस्त्यावर तडफडत ठेवून निघून जाणे हा मात्र अपघाताचा भाग नाही. तो नंतर, शुद्धीवर राहून घेतलेला निर्णय आहे. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांनी १ लाख ६८ हजार ४९१ जीव घेतले. यांतले किती जण वेळेवर उचलले असते तर वाचले असते, याचा विचार ज्याने त्याने मनाशी करावा.

म्हणून भेद तीन पातळ्यांवर व्हावा. सावध माणसाच्या हातून घडलेला अपघात दुर्दैव मानावा. तेथे पीडिताला भरपाई मिळावी, पण कोणाच्या कपाळी गुन्हेगाराचा शिक्का नको. साध्या चुकीला दंड, परवाना रद्द होणे आणि भरपाई पुरेशी आहे. जाणूनबुजून पत्करलेला धोका आणि त्यानंतरचे पलायन यांना मात्र तुरुंग असलाच पाहिजे. आणि तो केवळ स्टिअरिंगवर बसलेल्या गरिबासाठी नको. चालकाला सलग रात्री जागवणारा मालक आणि सुरक्षायंत्रणा बंद ठेवून खर्च वाचवणारे संचालक हेही त्याच दाराने आत गेले पाहिजेत.

कायद्याचे काम तेथे संपते आणि संस्कारांचे सुरू होते. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला पोलिसांचा त्रास होऊ नये, यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मान्य केली आणि २०१९ मध्ये त्यांना कायद्याचा आधार मिळाला. हे किती घरांत ठाऊक आहे? शाखेत, शाळेत, गणेशोत्सवाच्या मंडपात ते सांगितले गेले पाहिजे. अठरा वर्षांखालील मुलाला गाडीची चावी नाकारणे हेही संस्कारच आहेत. जमावाने हात उगारण्याऐवजी जखमीला उचलले, तर चालकाचे पळून जाण्याचे निमित्तही उरणार नाही.

हातून चूक कोणाच्याही होते. भरलेला घडा घेऊन पुढे जाण्याचे धैर्य मात्र कमवावे लागते.