साध्या कामाची मजुरी

मार्वेहून मनोरीला जाणाऱ्या बोटीत एक सुतारभाई भेटले. बंगलेवाले म्हणतात, "नक्षी नको, साधेच कपाट करा," आणि साधे म्हणून मजुरीही कापतात. आम्हांस हे पटत नाही. नक्षीत चूक झाकून जाते; सरळ फळीत केसभर फटही दिसते. चित्रकार नसरीन मोहमदी (१९३७-१९९०) शाई-पेन्सिलीने कागदावर रेघा ओढत, आकृती नाही की रंग नाही. घर व्यापाऱ्याचेच; वडिलांचे बहारीनमध्ये कॅमेऱ्याच्या सामानाचे दुकान होते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१६ साली 'मेट ब्रॉयर' ही शाखा उघडली, तेव्हा पहिल्याच प्रदर्शनांत या रेघा होत्या. कारागीर बांधवांनी साध्या कामाचा दर नक्षीवर नव्हे, लागणाऱ्या दिवसांवर सांगावा, आणि तोही बयाणा घेण्यापूर्वी.