मोबाइलची किल्ली कोणाजवळ?

पावसाळी मासेमारीबंदीच्या दिवसांत वर्सोव्याच्या कोळीवाड्यात होड्यांची डागडुजी चालते. इंजिन जुने झाले तर नाखवा ते काढून दुसरे बसवतो; कोणत्या कंपनीचे बसवावे, हे होडी बांधणारा त्याला फर्मावू शकत नाही. त्याच नाखव्याच्या खिशातील स्मार्टफोनची गोष्ट निराळी आहे. किंमत त्याने पूर्ण मोजली, पावती त्याच्या नावाची. परंतु त्या यंत्रावर कोणती कार्यप्रणाली चालावी, हे ठरवणारे कुलूप उत्पादकाने घातलेले असते. काही कंपन्या किल्ली देतात, पण मर्जी म्हणून, हक्क म्हणून नव्हे. कंपनीने प्रणालीत सुधारणा पाठवणे थांबवले, की काही वर्षांत धडधाकट फोन अडगळीत जातो.

हा हौशी तंत्रज्ञांचा प्रश्न आहे, असे समजून आपण कार्यकर्त्यांनी तो सोडून देता कामा नये. अँड्रॉइड उभी आहे ती लिनक्सच्या गाभ्यावर. आणि तो गाभा १९९१ पासून जगभरच्या हजारो प्रोग्रामरांच्या सामुदायिक श्रमातून घडला, ज्याला हवा त्याने वापरावा व बदलावा या अटीवर. त्याच्यावर मक्तेदारीचे कुंपण पडावे, यापरता उपरोध कोणता?

२० ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अँड्रॉइडच्या फेरबदल केलेल्या आवृत्त्या काढण्यास उत्पादकांना मज्जाव करणारे करारही आयोगाने गैर ठरवले. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला. मात्र आधीच भरून दिलेली अ‍ॅप्स काढून टाकण्याची मुभा ग्राहकाला देणारा निर्देश रद्द केला. म्हणजे सुटका झाली ती उत्पादकाची, तीही अर्धीमुर्धी. फोनच्या मालकाला काय मिळाले?

कुलूप चोरापासून रक्षण करते, असे सांगितले जाते. ते खरेही आहे. म्हणून कुलूप असू द्यावे; किल्ली मालकाला द्यावी. पण तेवढ्यानेही भागत नाही. दुसरी प्रणाली बसवलेल्या फोनवर अनेक बँकांची अ‍ॅप्स चालण्यास नकार देतात. मग मासळी विकणारी बाई मोबाइलवरून पैसे घेणार कसे?

केंद्राने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, तिच्या कक्षेत मोबाइल होतेच. त्या हक्कात पडदा आणि बॅटरी यांच्याबरोबर कार्यप्रणालीही आली पाहिजे, आणि सुधारणा बंद होतील त्या दिवशी किल्ली विनामूल्य हाती पडावी, असे कायद्यानेच लिहून दिले पाहिजे.