हंडा, कुंडली आणि हसन बहमनी

सोलापूरचा भुईकोट बहमनी काळातला मानतात. तो पाहायला पाहुणा आला की आम्ही त्याला हमखास एक गोष्ट ऐकवतो. दिल्लीच्या गंगू नावाच्या ब्राह्मण ज्योतिष्याकडे हसन हा गरीब चाकर होता. शेत नांगरताना त्याला मोहरांचा हंडा सापडला. तो त्याने इमानाने धन्यापुढे ठेवला. धन्याने कुंडली मांडून राजयोग वर्तवला. चाकर सुलतान झाला आणि त्याने कृतज्ञतेने राज्याला 'ब्राह्मणी', म्हणजेच 'बहमनी', असे नाव दिले.

गोष्ट गोड आहे खरी; पण माझ्या मते ती हसनवर अन्याय करणारी आहे.

ती रूढ केली फिरिश्त्याने. तो विजापूरच्या दरबारी सतराव्या शतकाच्या आरंभी लिहीत होता. हसन वारला १३५८ साली. उलट, हसनच्याच आश्रयाने इसामीने १३५० मध्ये पुऱ्या केलेल्या काव्यात या गंगू ब्राह्मणाचा पत्ता नाही. तिथे हसनचे कूळ इराणच्या पुराणपुरुष बहमनाशी जोडले आहे. तीही भाटगिरीच! एकाला कुंडली हवी, दुसऱ्याला कुळी. कर्तृत्व कोणालाच नको.

आणि कर्तृत्व काय थोडे होते? महंमद तुघलकाच्या अधिकाऱ्याने माळव्यात ऐंशीच्या वर 'सदा अमीर' ठार मारले. मग दौलताबादच्या अमिरांनाही भडोचकडे बोलावणे आले. पुढे काय वाढून ठेवले आहे, हे ओळखून ते वाटेतूनच उलटले. त्यांनी दौलताबाद घेतले आणि इस्माईल मुख या वृद्ध सरदाराला गादीवर बसवले. तुघलक स्वतः चालून आला; पण गुजरातेत बंड उठल्याने त्याला परतावे लागले. हसनने बीदरकडे शाही सेनापतीला रणात पाडले. तेव्हा इस्माईलने आपण होऊन गादी सोडली आणि ३ ऑगस्ट १३४७ रोजी हसन सुलतान झाला. त्याने राजधानी नेली गुलबर्ग्याला, आमच्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरांवर. यात हंडा कुठे आहे? आहे ती हिंमत, वेळेची पारख आणि बरोबरीच्या माणसांनी टाकलेला विश्वास.

काही सद्गृहस्थ म्हणतात, 'कथा एकोपा शिकवते, राहू द्या.' एकोपा हवाच. पण तो दंतकथेच्या पायावर किती दिवस उभा राहील? दुसरे म्हणतात, 'परक्याचे कौतुक कशाला?' त्यांनी जरा आसामकडे पाहावे. ताई वंशाचा सुकाफा १२२८ मध्ये पाटकाई डोंगर ओलांडून तिथे आला, म्हणजे परकाच. त्याने आहोम राज्य स्थापले आणि ते सुमारे सहाशे वर्षे टिकले. त्या राज्यात बुरंजी नावाच्या बखरी लिहिल्या गेल्या, आणि आजही आसाम २ डिसेंबरला त्याची आठवण करतो. तिथे संस्थापकाला इतिहासात जागा आहे. इथे तो ज्योतिष्याच्या गोष्टीतला गडी होऊन बसला आहे.

हसनची आरती ओवाळा, असे मी म्हणत नाही. त्याचे राज्य तलवारीनेच उभे राहिले आणि तलवारीने जे होते ते सारे त्यात झाले. त्याचाही हिशेब मांडावा. पण हिशेब माणसाचा मांडता येतो, राजयोगाचा नाही. सगळे ग्रहांनीच घडवले म्हटले, की राजाला श्रेय उरत नाही आणि दोषही उरत नाही. मग इतिहास हवा कशाला? पंचांग पुरे!