पारबतीच्या तोंडून ऐकलेलं गाव

११ फेब्रुवारी २०२५ रोजी कथाकार-कादंबरीकार रा. रं. बोराडे गेले. राज्य शासनाचा विंदा करंदीकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना नुकताच जाहीर झाला होता; तो स्वीकारायला ते राहिले नाहीत.

युसूफ वडगावात आणि सगळ्या केज तालुक्यात फेब्रुवारीचे दिवस ज्वारीच्या काढणीचे, आणि ओस पडलेल्या घरांचेही. आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, घेऊन ऊसतोडीला गेलेले कोयते अजून साखर कारखान्यांवर असतात. मागे म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं उरतात. अशा गावात बसून बोराड्यांचं स्मरण करायचं, तर ते हारतुऱ्यांनी होणार नाही. त्यांची पुस्तकंच उघडावी लागतील.

लातूरजवळच्या काटगावात १९४० साली, निजामाच्या राजवटीत त्यांचा जन्म झाला. पुढे ते मराठीचे प्राध्यापक झाले, प्राचार्य झाले, साहित्य संस्कृती मंडळाचे अध्यक्षही झाले. ‘पेरणी’ हा पहिला कथासंग्रह १९६२ सालचा. पण मराठी वाचकाच्या मनात ते कायमचे बसले ते १९७१ सालच्या ‘पाचोळा’मुळे.

गावातल्या गंगाराम शिंप्याची ही गोष्ट त्याची बायको पारबती सांगते. नवरा ताठ, कुणापुढे न वाकणारा. त्या ताठपणाची किंमत घर मोजतं आणि पारबती ते उघड्या डोळ्यांनी पाहत राहते. बोराड्यांची खरी करामत इथे आहे. गावाचं वर्णन असं ते करतच नाहीत. डोंगर, ओढा, सूर्यास्त यांच्यावर पानं खर्ची घालत नाहीत. पारबती बोलते आणि तिच्या बोलण्यातून गाव आपल्याभोवती उभं राहतं: कोण कुणाला दबतं, कुणाच्या दारात कुणी बसायचं, बाईनं किती बोलायचं आणि कुठे गिळायचं. तिची भाषा आपल्या भागातली, चुलीपुढची. ती सजवलेली नाही आणि शहरी वाचकाला कळावी म्हणून सोपीही केलेली नाही. पारबतीची घुसमट आपल्याला जाणवते, कारण तिच्याखेरीज दुसरं कुणी बोलतच नाही.

गावाची किंवा घराची हवाच कथेचा जीव व्हावी, असं जगात इतरत्रही घडलं आहे. डच कादंबरीकार लुई कूपेरुस यांनी १९०० साली जावा बेटावरच्या एका वसाहती अधिकाऱ्याच्या घराची कथा लिहिली. त्यातली दमट, भयानं भरलेली हवा आजही अंगावर येते. पण कूपेरुस ते बेट राज्यकर्त्यांच्या ओसरीवरून पाहत होते. बोराड्यांना असं बाहेरून पाहावं लागलं नाही. ते त्याच मातीतले, आणि म्हणून त्यांच्या पानांत गूढ कमी आणि ओळख जास्त आहे.

‘चारापाणी’ आणि ‘इथं होतं एक गाव’ या नंतरच्या कादंबऱ्यांतही त्यांनी मराठवाड्याचीच दुखणी धरली. ‘आमदार सौभाग्यवती’ ही कादंबरी रंगभूमीवरही गेली. तरी आमच्या मते ‘पाचोळा’ची उंची त्यांनी पुन्हा गाठली नाही, आणि हे म्हणण्यात त्यांचा अनादर नाही. एका बाईच्या आवाजावर अख्खी कादंबरी तोलून धरणं आयुष्यात एकदा साधलं तरी पुष्कळ.

आज पारबती असती तर ती कुठे असती? बहुधा उसाच्या फडावर, मोळी बांधताना. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाच्या वहीत उचल जोडीच्या नावावर, बोलणी मात्र पुरुषाशी. तिचं स्वतःचं सांगणं मराठी कादंबरीत अजून फार थोडं आलं आहे. ते लिहिणारी मुलगी कदाचित आत्ता इथल्याच एखाद्या वर्गात आजीच्या भरवशावर बसली असेल. तालुक्यातल्या शाळांनी बोराड्यांच्या स्मृतिदिनाच्या आठवड्यात एक तास काढावा आणि ‘पाचोळा’ची काही पानं मुलींकडून मोठ्यानं वाचून घ्यावीत. ग्रंथालयात प्रत नसेल तर ती आधी मागवावी.