शिशाचे सैनिक आणि हजेरीपट

मोठ्या माणसांनी टेबलावर चिमुकले सैनिक मांडून लढाया खेळाव्यात, हे ऐकले की आपल्याकडे समोरच्याच्या चेहऱ्यावर एक ठरावीक हसू उमटते. भातुकली मुलींची, लुटुपुटीची लढाई मुलांची, आणि दोन्ही दहाव्या वर्षाच्या आत संपायच्या, असा आपला हिशेब. स्टाफरूममध्ये हे हसू मी पुष्कळदा पाहिले आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती खुद्द खेळणाऱ्यांबद्दल. ज्या अभ्यासामुळे या खेळाला अर्थ येतो तो बाजूला ठेवून बरेच जण थेट रंगाच्या डबीला हात घालतात. मध्ययुगीन इंग्लंडच्या लढायांच्या बाबतीत हे फार जाणवते. तिथे अस्सल कागद भरपूर आहेत. दुर्दैवाने फसवी चित्रेही तितकीच भरपूर आहेत.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे छोटे पुस्तक लिहून या खेळाचे नियम दिले. १९६२ साली डोनाल्ड फेदरस्टोन यांचे ‘वॉर गेम्स’ आले, आणि १९६९ मध्ये इंग्लंडात ‘वॉरगेम्स रिसर्च ग्रुप’ स्थापन झाला. त्याच्या नावातच संशोधन आहे, हे लक्षात घ्यावे. इंचभर उंचीचे धातूचे किंवा प्लॅस्टिकचे सैनिक, फासे आणि मोजपट्टी, एवढेच साहित्य. एक बाहुले म्हणजे वीस किंवा पन्नास माणसे, असे काही प्रमाण धरायचे. खरी मेख इथे आहे. परीक्षेच्या उत्तरात ‘प्रचंड सैन्य’ एवढे लिहून सुटता येते. टेबलावर मात्र किती माणसे, किती रुंदीत आणि कोणत्या शस्त्रांनिशी उभी होती, हे ठरवल्यावाचून पहिला फासाही टाकता येत नाही.

चित्रांपासून सुरुवात करू, कारण सगळे तिथूनच करतात. १३४६ च्या क्रेसीच्या लढाईचे एक सुंदर रंगीत चित्र कितीतरी पुस्तकांत छापलेले आढळते. ते आहे फ्र्वासार या बखरकाराच्या ग्रंथाच्या एका हस्तलिखितातले. पण हे हस्तलिखित तयार झाले ब्रूज शहरात, १४७० च्या सुमारास, म्हणजे लढाईनंतर सव्वाशे वर्षांनी. आणि चित्रकाराने सैनिकांना आपल्याच काळची चिलखते चढवली. आपल्याकडे कॅलेंडरवरचे पौराणिक राजे चित्रकाराच्या काळचा थाट मिरवतात, तसेच हे. चित्र खोटे नाही. ते १४७० चा उत्तम पुरावा आहे आणि १३४६ चा अगदी निकामी. दगडी थडग्यांवरच्या मूर्ती आणि चर्चमधले पितळी पत्रे यांवर मृत्यूचे साल मिळते, म्हणून ते अधिक भरवशाचे मानतात. तरी तिथेही सावध असावे. सरे परगण्यातल्या सर जॉन डॅबर्नन यांचा प्रसिद्ध पत्रा वर्षानुवर्षे १२७७ चा समजला जात होता. आता तो १३२० नंतरचा, बहुधा मुलाचा, मानतात. एका सालाने चिलखताची फॅशन पन्नास वर्षे मागेपुढे होते.

म्हणून माझे म्हणणे असे की आधी हिशेबाचे कागद पाहावेत आणि चित्रे मागाहून. बखर आणि दप्तर यांतला फरक राजवाड्यांनी मराठी वाचकाला केव्हाच शिकवला. तोच धडा इथे जसाच्या तसा लागू पडतो. इंग्लंडच्या राजाने चौदाव्या-पंधराव्या शतकांत फ्रान्सवर स्वाऱ्या केल्या त्या पगारी सैन्याच्या बळावर. सरदाराने करार करायचा, इतके कवचधारी आणि इतके तिरंदाज घेऊन येतो म्हणून. कारकुनाने हजेरी घ्यायची. खजिन्याने पैसे मोजायचे. १४१५ च्या स्वारीत नाइटला दिवसाला २ शिलिंग, साध्या कवचधाऱ्याला १२ पेनी आणि तिरंदाजाला ६ पेनी असा दर होता. जिथे पैसा द्यायचा असतो तिथे माणसे मोजावी लागतात, आणि त्या मोजणीचे हजेरीपट लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यात आजही आहेत. साउदॅम्प्टन आणि रेडिंग या विद्यापीठांतील अॅन करी व एड्रियन बेल यांच्या चमूने १३६९ ते १४५३ या काळातल्या नोंदी एकत्र करून संगणकावर सर्वांना विनामूल्य खुल्या केल्या आहेत. सेवेच्या दोन लाखांहून अधिक नोंदी, त्यांत बहुसंख्य अगदी साधी माणसे. बेळगावात बसून कोणीही त्या चाळू शकतो.

या कागदांनी काय होते पाहा. अॅजिनकोर्टची लढाई झाली २५ ऑक्टोबर १४१५ ला. पाचवा हेन्री फ्रान्सला गेला तेव्हा त्याच्याजवळ अकरा हजारांच्या वर सैन्य होते. हारफ्लरच्या वेढ्यात हगवणीने माणसे पडली. आजारी म्हणून परत पाठवलेल्या हजाराहून अधिक जणांची नावे याद्यांत सापडतात. १२०० माणसे त्या गावात शिबंदी म्हणून ठेवली. ही वजाबाकी करीत करी बाईंनी रणांगणावरचे इंग्रज सैन्य ८७०० च्या आसपास धरले. त्यात कवचधारी दीड हजारांच्या आगेमागे, बाकी सारे तिरंदाज. (फ्रेंच बाजू त्यांनी १२००० धरली आहे, त्यावर क्लिफर्ड रॉजर्स यांच्यासारख्यांचा कडक आक्षेप आहे, तो वाद मिटलेला नाही.)

आता एका बाहुल्याला पन्नास माणसे धरा. तीस कवचधारी होतात आणि जवळजवळ एकशे चव्वेचाळीस तिरंदाज! बहुतेकांच्या कपाटात याच्या नेमके उलट असते, कारण झगझगीत चिलखत आणि झेंडे रंगवायला मौज वाटते आणि मळकट अंगरख्याची दीडशे माणसे रंगवायला कंटाळा येतो. हा कंटाळा मला निरुपद्रवी वाटत नाही. सहा पेनीवर लढलेल्या माणसाचे नाव कारकुनाने लिहून ठेवले, सहाशे वर्षे ते टिकले, आणि आपण खेळातसुद्धा त्याला जागा देत नाही.

गरिबाजवळ काय असे तेही कळते. १२८५ च्या विंचेस्टरच्या कायद्याने पंधरा ते साठ वर्षांच्या प्रत्येक पुरुषाने मिळकतीप्रमाणे शस्त्रे बाळगावीत असे ठरवले. वर्षाला पंधरा पौंडांची जमीन असणाऱ्याला जाळीचे चिलखत, लोखंडी टोप, तलवार आणि घोडा. तळच्या माणसाला विळा-कोयता आणि सुरी. १४५७ साली ब्रिडपोर्ट या गावात घेतलेल्या हजेरीत तर माणसामाणसाच्या नावापुढे धनुष्य, बाण, टोप, गोधडीसारखा शिवलेला जाड अंगरखा अशी नोंद आहे. हा कागद समोर ठेवून रंगवलेली तुकडी कधीच एका गणवेशात दिसणार नाही. धनुष्यासाठी ‘मेरी रोझ’ हे जहाज आहे. १५४५ मध्ये बुडाले, १९८२ मध्ये वर काढले, आणि त्यात शंभराहून अधिक अखंड धनुष्ये मिळाली. मात्र ती अॅजिनकोर्टनंतर एकशे तीस वर्षांनीची, हे विसरू नये.

जमिनीचा पुरावा सर्वांत हट्टी. बॉसवर्थची १४८५ ची लढाई अँबियन टेकडीवर झाली असे पुस्तकांत होते, आणि खेळणारे इमानेइतबारे टेकडी बांधीत होते. ग्लेन फोर्ड यांच्या चमूने धातुशोधक यंत्रे घेऊन शेते पालथी घातली, तेव्हा तोफांचे तीसहून अधिक गोळे आणि तिसऱ्या रिचर्डच्या वराहचिन्हाचा चांदीचा बिल्ला मिळाला, तो टेकडीपासून सुमारे तीन किलोमीटरवर, सखल दलदलीच्या भागात. २०१० पर्यंत हे जाहीर झाले. टेकडी काढून टाकावी लागलीच, शिवाय टेबलावर तोफाही वाढवाव्या लागल्या.

‘हे सारे आम्हांला परवडणार कसे?’ असे विद्यार्थी विचारतात. विलायती बाहुली महाग आहेत, खरेच. पण पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यांवर ‘तिरंदाज, ५०’ असे लिहिले तरी लढाई अडत नाही. कागदपत्रे फुकट आहेत. वेल्सचे पुस्तकही फुकट मिळते. श्रीमंताच्या कपाटापेक्षा इतिहासाच्या वर्गातला पुठ्ठा अधिक खरा ठरू शकतो, एवढे मी अनुभवाने सांगतो. आपल्या इतिहास मंडळाने एका टर्मसाठी हे करून पाहावे. कन्नड विभागातले मित्र आले तर दोन्ही बाजूंना सेनापतीही मिळतील.

कामाला सुरुवात करणाऱ्यांसाठी एक प्रश्न ठेवतो. क्रेसीला तिरंदाज ‘एर्स’च्या पद्धतीने उभे होते, असे फ्र्वासार म्हणतो. या फ्रेंच शब्दाचा अर्थ दंताळे. काही जण मेणबत्त्यांची घोडी असाही घेतात. मग तिरंदाज दोन्ही कडांना होते, की कवचधाऱ्यांच्या मधूनमधून दात काढल्यासारखे? इतिहासकार शंभराहून अधिक वर्षे भांडत आहेत. माझ्या टेबलावर सध्या ते दोन्ही कडांना आहेत. मधे एखादी रांग घालून पाहावी, असे काल एका विद्यार्थिनीने सुचवले. येत्या शनिवारी घालून पाहणार आहोत.