मोटारींतील वायरींचा जोड : डाख कीं दाब?

खडकवासल्याच्या कालव्याखालीं दौंड-इंदापुरापर्यंत जो ऊस पिकतो, तो गळिताच्या हंगामांत रात्रीं-बेरात्रीं ट्रॅक्टरमागील ट्रॉलींतून कारखान्यास जातो. अशा ट्रॉलीचा मागील तांबडा दिवा विझलेला असला म्हणजे मागून येणाऱ्या दुचाकीस्वारावर कोणता प्रसंग ओढवतो, हें शेतकरी बंधूंस सांगावयास नको. आपण दिवा बदलतों. दोष मात्र पुष्कळदां जोडांत असतो.

गेल्या श्रावणांत माझ्याच ट्रॉलीचा असा प्रकार झाला. नवा बल्ब दोन दिवस पेटला व पुन्हा गेला. अखेर वायरीवरील चिकटपट्टी सोडविली, तों आंतील तांबें हिरवें पडलेलें! ज्या गॅरेजांत काम करून घेतलें होतें, तेथें दोन टोकांस नुसता पीळ देऊन वर पट्टी गुंडाळली होती. सातबाऱ्यावर नांव चढलें म्हणजे जमीन कब्जांत आली असें होत नाहीं. पट्टीखालच्या जोडाचेंही तसेंच आहे.

घरची वीज २३० व्होल्टची, गाडीची बहुधा १२ व्होल्टची. व्होल्टेज कमी म्हणून तितक्याच उजेडास प्रवाह अधिक लागतो. ६० वॅटचा पुढील दिवा सुमारें ५ अँपियर घेतो. जोडांत ओहमच्या एक दशांशाइतका जरी अडथळा असला, तरी तेथें अर्धा व्होल्ट नाहींसा होतो व अडीच वॅट उष्णता त्या चिमुकल्या जागीं सांठते. पट्टीचा डिंक त्यानें पाघळतो, पाणी शिरतें, अडथळा आणखी वाढतो.

यावर आमच्यांतील कांहीं हौशी मंडळी म्हणतात कीं, डाख द्यावा, म्हणजे प्रश्नच मिटला. रेडिओच्या पेटींत तें खरें. ती पेटी ढेकळांतून फिरत नाहीं. कथील-शिशाचा रस बारीक तारांमधून केशाकर्षणानें वर चढतो व तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो. जेथें ताठपणा संपतो तेथेंच सारा हादरा बसतो आणि एकेक तार तुटूं लागते. शिवाय कल्हईवाल्याचा नवसागर पाहून कोणी तोच येथें वापरील, तर त्याचा क्षार तांबें खात राहील. डाख द्यावयाचाच असेल तर राळेचाच द्यावा, व जोडाच्या दोन्ही अंगांस वायर बांधून घ्यावी, म्हणजे ती हलणार नाहीं.

माझें मत दाबजोडाकडे आहे. मोटारींचे कारखानेही वायरींच्या टोकांस बहुतेक हीच रीत वापरतात. तांब्याच्या नळींत तारा घालून योग्य पकडीनें दाबल्या कीं त्या एकमेकींत व नळींत अशा घट्ट बसतात कीं मध्यें हवेस जागा उरत नाहीं. पण नळी वायरीच्या मापाची हवी. बाजारांत आवरणाचे रंग ठरलेले आहेत : अर्धा ते दीड चौरस मिलिमीटर वायरीस तांबडा, दीड ते अडीचास निळा, चार ते सहास पिवळा. मोठ्या मापाच्या नळींत बारीक वायर कोंबून साध्या पकडीनें किंवा हातोड्यानें चेचणें हा दाबजोड नव्हे. त्यापेक्षां नीट दिलेला डाख शतपटीनें बरा. काम करण्यापूर्वीं बॅटरीचें ऋण टोक सोडावें. झाल्यावर जोड हातानें जोरानें ओढून पाहावा, आणि निसटला तर पुन्हा न दाबतां नवी नळी घ्यावी. ट्रॉलीखालीं चिखल उडतो, तेथें आंतून डिंक असलेली, उष्णतेनें आकसणारी नळी वर चढवावी.

राहिला खर्च. चांगली दाबपक्कड वर्षांतून दोनदां लागणार, तिजसाठीं प्रत्येकानें पैसे कां घालावे, ही तक्रार रास्त आहे. म्हणून माझी सूचना अशी कीं, आपल्या सोसायटीनें फवारणी-पंपांप्रमाणें अशी एक पक्कड व तिन्ही मापांच्या नळ्या अवजारांच्या खोलींत ठेवाव्या आणि सभासदांस नोंदवहींत सही घेऊन द्याव्या. दिवाळीच्या आंत ही व्यवस्था झाल्यास यंदाच्या हंगामांतील ट्रॉल्यांस तिचा उपयोग होईल.