विश्लेषण : मानसिक आजाराचे उपचार मध्येच का सुटतात?

वणीहून जिल्ह्याचे ठिकाण यवतमाळ शंभर किलोमीटरहून दूर. मानसोपचार तज्ज्ञांना भेटायला तिथे जायचे, तर दिवस मोडतो आणि मजुरीही बुडते. पहिल्या गोळ्यांनी थोडे बरे वाटले की दुसरी फेरी टळते, आणि उपचार तिथेच सुटतो. ही गळती रोखण्यासाठी ‘केस मॅनेजमेंट’ ही पद्धत वापरली जाते.

केस मॅनेजर काय करतो?

निदान आणि औषधे हे डॉक्टरांचेच काम. केस मॅनेजर रुग्णाला आजार समजावून सांगतो, पुढच्या तारखेची आठवण देतो. रुग्ण आला नाही तर फोन करतो किंवा घरी जातो. गोळ्यांचा त्रास होत असेल तर डॉक्टरांना कळवतो. रुग्णाची संमती असेल तर घरच्यांशीही बोलतो.

याचा उपयोग होतो का?

गोव्यात ‘संगात’ संस्थेच्या अभ्यासात स्थानिक, बिगर-डॉक्टर समुपदेशकांना प्रशिक्षण देऊन ही जबाबदारी सोपवली गेली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सरकारी केंद्रांतील नैराश्य वा चिंताविकाराचे ६५.९ टक्के रुग्ण सहा महिन्यांत बरे झाले. ही सोय नसलेल्या केंद्रांत हे प्रमाण ४२.५ टक्के होते. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही.

विदर्भातही अनुभव आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ उपक्रमातून गावपातळीवरील कार्यकर्ते घरोघरी पोहोचले. नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले.

यवतमाळ जिल्ह्यात काय सोय आहे?

शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठी राज्याने २०१५ मध्ये ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. त्यात यवतमाळचाही समावेश आहे. आशा सेविकांनी घरोघरी जाऊन तणावग्रस्त व्यक्ती शोधायच्या आणि त्यांना समुपदेशक, डॉक्टरांपर्यंत पोहोचवायचे, अशी ही रचना. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही मोफत हेल्पलाइनही २४ तास उपलब्ध आहे.

मग अडचण कुठे?

रुग्ण शोधणे हे एक काम, महिनोन्‌महिने त्याची सोबत करणे हे दुसरे. लसीकरणापासून बाळंतपणापर्यंतची कामे सांभाळणाऱ्या आशांवरच हे दुसरे कामही टाकले, तर ते मागे पडणारच. त्यासाठी वेगळा माणूस, मानधन आणि प्रवासखर्च लागेल. सर्वेक्षणात किती नावे नोंदली गेली, यापेक्षा त्यातले किती जण तिसऱ्या तपासणीला आले, हा आकडा विचारायला हवा.